लाल पानांचा पाहुणा : जपानी मेपल आणि आपली बाग

सातारा-सांगलीकडील व्यापारी कुटुंबांत आता असे घर विरळाच, ज्यातील एखादा मुलगा, पुतण्या किंवा नात शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी न्यू जर्सी, टोरांटो वा लंडन येथे गेलेली नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर महिना आला की त्यांच्याकडून मोबाइलवर छायाचित्रे येऊ लागतात. घरापुढील अंगणात एक नाजूक, पसरट झाड उभे असते आणि त्याची पाने निखाऱ्यासारखी लाल झालेली असतात. आई-वडील तिकडे जाऊन राहून आले, की हे झाड त्यांच्याही मनात घर करते. मग प्रश्न येतो : ‘हे आपल्या बंगल्यापुढे लावता येईल का?’

या झाडाचे नाव जपानी मेपल. प्रश्न साधा असला, तरी त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपत नाही. आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाला एक सवय जडते : मागणी कितीही आकर्षक असो, आधी परतफेडीची क्षमता पाहायची. झाडाच्या बाबतीत ही क्षमता मातीत, पाण्यात आणि हवेत असते. म्हणून आधी हे झाड जागेकडून काय मागते ते पाहू आणि मग आपली जागा त्यातील किती देऊ शकते याचा हिशेब मांडू.

झाडाची ओळख

जपानी मेपलचे शास्त्रीय नाव ‘एसर पामेटम’. ‘पामेटम’ म्हणजे तळहातासारखे. याच्या पानाला पाच ते सात टोकदार बोटे असतात, म्हणून हे नाव. जपानी भाषेत त्याला ‘काएदे’ म्हणतात. या शब्दाचे मूळ ‘बेडकाचा हात’ या अर्थाच्या शब्दात आहे. पाने लाल झाल्यावर डोंगरदऱ्यांत ती पाहण्यासाठी जाण्याची जपानमध्ये शेकडो वर्षांची प्रथा असून तिला ‘मोमिजीगारी’ असे नाव आहे. अठराव्या शतकात जपानमध्ये राहिलेल्या कार्ल पीटर थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने युरोपला या झाडाचा शास्त्रीय परिचय करून दिला. आज त्याचे शेकडो वाण आहेत. काहींची पाने झालरीसारखी चिरलेली, काहींची वसंतापासूनच जांभळट लाल, तर काहींची साल हिवाळ्यात पोवळ्यासारखी तांबडी होते.

हे झाड मूळचे मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारे. त्याची उंची साधारण सहा ते दहा मीटर. मुळे उथळ आणि तंतुमय. त्यामुळे वरच्या थरातील माती तापली, सुकली अथवा चिबडली, की त्याचा परिणाम झाडावर तत्काळ दिसतो. त्याला किंचित आम्लधर्मी, भुसभुशीत आणि निचऱ्याची जमीन लागते, सकाळचे कोवळे ऊन लागते आणि दुपारी सावली लागते. उष्ण, कोरडा वारा त्याला सोसत नाही.

रंग येतो कसा?

पानांत हिरवे हरितद्रव्य असते, त्याच्याआड पिवळी-नारिंगी रंगद्रव्येही असतात. हिवाळ्याची चाहूल लागली, की झाड हरितद्रव्य मोडून त्यातील उपयुक्त अंश खोडात परत घेऊ लागते. त्यामुळे आडचा पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंगाचे मात्र वेगळे आहे. तो पानात आधी दडलेला नसतो. त्या काळात पानातील साखरेपासून ‘अँथोसायनिन’ हे द्रव्य नव्याने तयार होते. त्यासाठी दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री चांगला गारवा लागतो.

हिवाळा येत असल्याचे झाडाला दोन गोष्टींवरून कळते : दिवस लहान होणे आणि रात्री थंड होणे. क्योटो शहर सुमारे ३५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे जूनमधील मोठा दिवस साडेचौदा तासांच्या आसपास, तर डिसेंबरमधील लहान दिवस पावणेदहा तासांच्या आसपास असतो. सातारा आणि सांगली सुमारे १७ अंशांवर आहेत. आपला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांहून थोडा अधिक आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आसपास. म्हणजे तिकडे सुमारे पावणेपाच तासांचा फरक पडतो, आपल्याकडे जेमतेम दोन तासांचा. मेपलला त्याच्या मायदेशी जी सूचना खणखणीत आवाजात मिळते, ती आपल्याकडे कुजबुजीसारखी पोहोचते.

थंडीचा ताळेबंद

पाने गळल्यावर हे झाड निद्रिस्त होते. ही झोप मोडून वसंतात कळ्या एकसारख्या फुटण्यासाठी सुमारे सात अंशांखालील थंडीचे शेकडो तास साठावे लागतात. सांगलीत डिसेंबर-जानेवारीतील रात्रीचे सरासरी किमान तापमान १३-१४ अंशांच्या आसपास राहते, साताऱ्यातही फार वेगळे नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही पहाटे दवबिंदू गोठतात आणि ती बातमी वृत्तपत्रांत येते. पण ती बातमी होते याचाच अर्थ ती नित्याची गोष्ट नव्हे. सात अंशांखालचे तास तेथेही मोजकेच जमा होतात. थंडीचे हे खाते आपल्याकडे दरवर्षी तुटीतच राहते.

या तुटीचा परिणाम पहिल्या वर्षी दिसत नाही, आणि खरी फसगत येथेच होते. हिमालयातील रोपवाटिकेतून आलेले रोप तिकडची थंडी घेऊन आलेले असते. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरेख फुटते आणि मालक आनंदित होतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळ्या उशिरा, तुरळक फुटू लागतात, फांद्या शेंड्याकडून वाळतात, मे महिन्यात पानांच्या कडा करपतात. मग कोणी पाणी वाढवतो, कोणी खत. रोग असतो ऋतूचा आणि उपचार चालतो कुंडीचा.

त्यात मातीची भर पडते. सांगलीच्या नदीकाठची काळी माती उसाला आणि हळदीला उत्तम. परंतु ती विम्लधर्मी असते, पाणी धरून ठेवते आणि अतिसिंचनामुळे वाळवा-मिरज भागात अनेक ठिकाणी क्षारपडही झाली आहे. अशा मातीत मेपलला लोह मिळत नाही, पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बोअरचे क्षारयुक्त पाणी या दोषात भरच घालते.

द्राक्षबागेचा धडा

येथे कोणी विचारील, की थंड मुलखातील द्राक्षवेल जर तासगावात फळते, तर मेपलनेच काय पाप केले? प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तरात बरेच शिकण्यासारखे आहे.

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते. आपल्याकडे ती तशी झोपतच नाही. म्हणून आपला बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतो. ऋतू जे देत नाही, ते तो कात्रीने, औषधाने आणि मजुरीने मिळवतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचेही तसेच. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाची मातृरोपे परदेशातून मागवली जातात, त्यांच्यापासून रोपे वाढवली जातात आणि लागवड एका हंगामापुरती धरली जाते. पुढच्या हंगामाला पुन्हा नवी रोपे.

या दोन्ही उदाहरणांत हवामानाची तूट भरून काढण्याचा खर्च पीक देते. सांगलीचा बेदाणा विकला जातो, म्हणून छाटणी परवडते. स्ट्रॉबेरी मुंबई-पुण्याला जाते, म्हणून नवी रोपे परवडतात. मेपल काहीही विकायला देत नाही. त्याची तूट मालकाने स्वतःच्या वेळेतून आणि लक्षातून भरायची असते, तीही दरवर्षी. द्राक्षाचे औषध मात्र हौसेच्या कुंडीवर कोणी वापरू नये. ते अत्यंत विषारी असून प्रशिक्षित माणसानेच हाताळण्याचे आहे.

काही उष्ण प्रदेशांतील हौशी बोन्सायकार पाने गळालेल्या मेपलच्या लहान कुंड्या काही आठवडे फ्रीजमध्ये चार-पाच अंशांवर ठेवतात. बेदाण्याची शीतगृहे ज्यांच्या परिचयाची आहेत, त्या आपल्या वाचकांना ही कल्पना ऐकून हसू येईल. तथापि तिच्यामागील तर्क बिनचूक आहे. मात्र त्यासाठी झाड आधी हळूहळू गारव्याला सरावून पूर्ण निद्रिस्त झालेले हवे, माती ओलसर ठेवायला हवी आणि शेजारी पिकणारी फळे नकोत, कारण त्यांतून निघणारा इथिलीन वायू कळ्यांना बाधतो. सांगलीच्या उबदार डिसेंबरमध्ये झाड मुळात पूर्ण झोपतच नाही, ही यातील खरी अडचण.

तरीही लावायचेच असेल तर

हौसेला मोल नाही हे खरे. ज्यांचे घर महाबळेश्वर-पाचगणीकडे आहे, त्यांनी एक रोप लावून पाहण्यास हरकत नाही. साताऱ्यात पूर्वेकडील सावलीच्या अंगणात, तर सांगलीत केवळ कुंडीत आणि पाहुणा म्हणून त्याला ठेवावे. जमिनीत लावू नये, याला आणखी एक कारण आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या सखल भागांत कृष्णेचे पाणी अनेक दिवस उभे होते. मेपलची मुळे इतके दिवस पाण्यात तग धरत नाहीत. कुंडी निदान गच्चीवर उचलून नेता येते.

कुंडी ३५ ते ४० सेंटिमीटर व्यासाची, शक्यतो मातीची आणि तळाला मोठी छिद्रे असलेली असावी. काळी माती अजिबात नको. महाबळेश्वर, पाटण भागातील जांभ्याची लाल माती मिळाल्यास एक भाग, कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत एक भाग, धुतलेले कोकोपीट एक भाग आणि बारीक खडी किंवा धुतलेली जाड वाळू एक भाग असे मिश्रण करावे. वर चार-पाच सेंटिमीटर जाडीचे वाळक्या पानांचे आच्छादन द्यावे. मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये.

वर्षाची कामे आपल्या ऋतूंप्रमाणे अशी :

मार्च ते मे हा परीक्षेचा काळ. सकाळचे दोन-तीन तास ऊन पुरे. दहानंतर झाडाची सावली किंवा पन्नास टक्क्यांची शेडनेट हवी. तापणाऱ्या भिंतीजवळ अथवा फरशीवर कुंडी ठेवू नये. ती मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरल्यास मुळे थंड राहतात. बोट माती­त खुपसून पाहावे आणि वरचा थर सुकू लागताच पाणी द्यावे. या काळात खत देऊ नये.

जून ते सप्टेंबर या काळात निचरा पाहावा. कुंडीखाली ताटली ठेवू नये. महाबळेश्वर-पाचगणीच्या मुसळधार पावसात कुंडी पागोळ्यांच्या आत घ्यावी. पावसाचे पाणी पिंपात साठवावे. उन्हाळ्यात बोअरच्या पाण्याऐवजी ते या झाडाला अमृतासमान ठरते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खत पूर्ण बंद करावे. नत्राची मात्रा अधिक झाली, तर कोवळी फूट येत राहते आणि लाली फिकी पडते. पाणी थोडे कमी करावे, पण माती कोरडी पडू देऊ नये.

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात कुंडी रात्रभर उघड्या आकाशाखाली, घरातील सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावी. वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या याच काळात, नवे डोळे फुगण्यापूर्वी काढाव्यात. नंतर काप घेतल्यास रस गळत राहतो. दोन-तीन वर्षांनी एकदा कुंडीतील माती बदलायची, तीही याच सुमारास. नवी पाने उलगडून पक्व झाली, की कुजलेले शेणखत मूठभर द्यावे. याहून अधिक लाडाची गरज नाही.

कोवळ्या शेंड्यांवर कधी मावा येतो. आपल्या वाचकांना कीटकनाशकाचा हात पुढे करणे रुचत नाही, आणि या झाडाला त्याची गरजही क्वचितच भासते. मावा बहुधा नत्राने मऊ झालेल्या फुटीवर येतो. खत आवरले की तो येण्याचे कारणच उरत नाही. दाटी टाळावी, हवा खेळती ठेवावी, म्हणजे पुढचे प्रसंग टळतात.

खरेदी करताना

परदेशातून येताना बॅगेत रोप किंवा ओंजळभर बिया घालून आणण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. वनस्पती आयातीसंबंधीच्या २००३ च्या आदेशानुसार रोपांप्रमाणेच लागवडीच्या बियांनाही आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. हा नियम केवळ कागदोपत्री नाही. एका पानासोबत आलेली बुरशी संपूर्ण जिल्ह्याच्या बागा संकटात टाकू शकते, हे द्राक्षाच्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

दुसरा सावधगिरीचा मुद्दा ऑनलाइन विक्रीचा. ‘निळ्या पानांचा जपानी मेपल’ या नावाने बियांची पाकिटे विकली जातात. निळ्या पानांचा मेपल जगात कोठेही नाही. निळा असतो तो संगणकावर रंगवलेला फोटो. लाल मेपलचे खरे बी मिळाले, तरी ते आंब्याच्या कोयीसारखेच : मातेचा गुण त्यात उतरेलच असे नाही. नामांकित वाण कलमानेच करतात. शिवाय बी रुजण्यासाठी ओलसर वाळूत घालून फ्रीजमध्ये तीन-चार महिने ठेवावे लागते. म्हणून डोंगरी भागातील परिचित रोपवाटिकेतून कलमाचा सांधा स्पष्ट दिसणारे रोप घ्यावे आणि सांध्याखालून फुटणारे धुमारे वेळीच काढावेत. फोटो हे तारण नव्हे, एवढे ध्यानी ठेवले तरी पुष्कळ पैसे वाचतील.

पाचगणीने काय केले?

परक्या झाडांना विरोध हा या लेखाचा हेतू नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातच त्याचे उत्तम उदाहरण आहे. १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज अधिकाऱ्याकडे पाचगणीची व्यवस्था आली. त्याने तेथे अनेक परदेशी झाडे लावली असे मानले जाते. त्यांतील सिल्व्हर ओक आणि पॉइन्सेटिया आज पाचगणीचीच वाटावीत इतकी रुळली आहेत.

ती का रुळली? सिल्व्हर ओक पूर्व ऑस्ट्रेलियातील उबदार प्रदेशाचा. पॉइन्सेटिया मेक्सिकोची, आणि तिचा रानटी मुलूख आपल्याच अक्षांशाच्या आसपास येतो. तिची लाल पालवीही मेपलप्रमाणे रात्र मोठी होण्यावर अवलंबून असते. पण आपल्यासारख्याच लहान फरकाची सूचना ओळखण्याची तिला सवय आहे. म्हणून मेपलला न कळणारी कुजबुज तिला स्पष्ट ऐकू येते आणि डिसेंबरात पाचगणीचे रस्ते लाल होतात. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर अंगावर पडला, तर मात्र ती गोंधळते आणि हिरवीच राहते. झाड देशी की परदेशी, यापेक्षा त्याच्या मूळ गावाचे ऋतू आपल्या ऋतूंशी जुळतात का, हा प्रश्न महत्त्वाचा.

पुण्यातील सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान हेही पाहण्यासारखे आहे. ओकायामा येथील कोराकुएन या तीनशे वर्षे जुन्या बागेच्या धर्तीवर ते रचलेले आहे. वाहते पाणी, दगडांची मांडणी, हिरवळीचे चढउतार आणि मोकळी सोडलेली जागा यांतून ती बाग जपानी होते. तिचे सौंदर्य मेपलवर अवलंबून नाही. जपानकडून झाडाऐवजी दृष्टी घेता येते, आणि तिला परवाना लागत नाही.

आपल्याकडची लाल पाने

लाल पानांसाठी आपल्याला खरोखर इतके दूर जावे लागते का? जपानमध्ये पान जाताना लाल होते, आपल्याकडे ते येताना लाल होते, एवढाच काय तो फरक. कोवळ्या पानाला कडक उन्हापासून जपण्यासाठी आपली अनेक झाडे तेच अँथोसायनिन तयार करतात.

यांत अग्रमान कोशिंबाचा. फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीच्या उतारांवर कोशिंबाचे अवघे झाड तांबडेलाल होते. दुरून पाहणाऱ्याला ते फुलांनी बहरलेले वाटते; प्रत्यक्षात ती सारी पालवी असते. पंधरा-वीस दिवसांनी ती हिरवी होते आणि ऐन उन्हाळ्यात दाट सावली देते. झाड मोठे होते आणि सावकाश वाढते, म्हणून ते बंगल्याच्या भिंतीपासून दहा मीटर तरी दूर, शेताच्या बांधावर, शाळेच्या आवारात किंवा धर्मशाळेच्या मोकळ्या जागेत लावावे.

लहान अंगणासाठी सीता अशोक आहे. त्याची तांबूस, लोंबती पालवी रेशमी गोंड्यासारखी दिसते. थोडा ओलावा आणि अर्धसावली त्याला मानवते. साताऱ्याच्या पश्चिमेकडे, पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला दालचिनी चांगली वाढते. तिची कोवळी पाने लाल असतात आणि जुनी पाने स्वयंपाकघरात उपयोगी पडतात. तिथेच नागकेशरही लावता येईल. सांगलीच्या उन्हात देशी बदाम निर्धास्त वाढतो. गळण्यापूर्वी त्याची मोठी पाने लाल-केशरी होतात. पानगळीची लाली पाहायचीच असेल, तर ती या झाडाखाली मिळते. आणि रस्त्याकडेचा पिंपळ, परसातील आंबा यांची तांबूस पालवी तर आपल्या रोजच्या वाटेवरच असते.

सांगली जिल्ह्यात सागरेश्वर येथे उघड्या डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले मानवनिर्मित वन आहे. कमी पावसाच्या डोंगरावर जर जंगल उभे राहते, तर आपल्या अंगणात काय उभे राहणार नाही? अट एकच : झाड जागेला साजेसे हवे.

तेव्हा परदेशी असलेल्या लेकरांच्या आठवणीसाठी एखादी मेपलची कुंडी अवश्य ठेवावी, तिची निगा राखावी आणि ती जितकी वर्षे राहील तितकी पाहुण्यासारखी सांभाळावी. परंतु जमिनीत खड्डा घ्यायचा असेल, तर तो कोशिंबासाठी किंवा सीता अशोकासाठी घ्यावा. पुढच्या चैत्रात त्याची पालवी फुटली, की तिचे छायाचित्र न्यू जर्सीला पाठवता येईल. तिकडे त्या वेळी झाडे नुकती कोठे जागी होत असतील.